शून्य म्हणजे पाऊस नाही, की वायर तुटली? सेन्सरचा बिघाड ओळखायचा कसा

पुणे : मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमची पुरंदर तालुक्यात दोन एकर डाळिंबाची बाग आहे. आंबे बहार धरला होता, झाडावर फळं होती. ठिबक आपोआप चालू-बंद करणारं एक यंत्र त्या वर्षी नवीन बसवलं होतं. जमिनीत ओलाव्याचा सेन्सर पुरायचा, त्याची वायर शेडमधल्या पेटीत आणायची. जमीन कोरडी झाली की पेटी मोटर चालू करणार, ओली झाली की बंद करणार. रात्रीच्या लाइटला उठून बॅटरी घेऊन बागेत जायचा ताप वाचेल, म्हणून घेतलं.

भाचीच्या लग्नाला तीन दिवस बाहेर होतो. परत येऊन बघतो तर शेततळं तळाला गेलेलं. बागेत पाय ठेवला तर घोट्यापर्यंत चिखल. रात्री लाइट आली की मोटर चालू, लाइट गेली की बंद, असं तीन रात्री चाललं होतं. पेटीवर आकडा होता १९९. आमच्या यंत्रात शून्य म्हणजे चिंब ओलं आणि दोनशेच्या जवळ म्हणजे ठणठणीत कोरडं. म्हणजे चिखलात उभं राहून मी वाचत होतो की जमीन वाळून गेली आहे.

ज्यांच्याकडून यंत्र घेतलं त्यांना फोन केला. उत्तर आलं, "जमीन कोरडी दाखवतेय तर पाणी देणारच ना ते." सेन्सरच्या जागी उकरलं तेव्हा खरा प्रकार कळला. घुशीने वायर कुरतडून दोन तुकडे केले होते. सेन्सर पेटीपासून कधीच तुटला होता, आणि तरी पेटी आकडा दाखवत होती. मे महिन्यात शेततळ्याचं पाणी गेलं ते गेलंच, वर पुढच्या पंधरा दिवसांत बरीच फळं तडकली.

मेलेल्या सेन्सरचा आकडा आणि जिवंत सेन्सरचा आकडा दिसायला सारखाच असतो. आता असे सेन्सर आपल्या सगळ्यांच्या शेतात, गावाच्या हवामान केंद्रात, शीतगृहात, धरणाच्या भिंतीत बसलेत. त्यांच्या आकड्यांवर मोटर चालते, विम्याचे पैसे ठरतात, पंचनामे होतात. म्हणून हा आकडा पेटीत तयार कसा होतो आणि तो खोटा कधी निघतो, हे शेतकऱ्याने समजून घेतलं पाहिजे. मला जे कळलं ते इथं मांडतोय.

सेन्सर आपणहून बोलत नाही

पेटी पिशवीत घातली आणि दिवे घाट उतरून पुण्यात आलो. बुधवार पेठेतली तपकीर गल्ली म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाची पेठ. तिथं एक वयस्कर कारागीर पेट्या दुरुस्त करतात. त्यांनी झाकण उघडलं, मीटर लावला आणि म्हणाले, "दादा, पेटी चांगली आहे. पण समोर कोणी आहे का, हे ती विचारतच नाही."

मग त्यांनी समजावलं. बरेचसे सेन्सर स्वतः वीज तयार करत नाहीत. ते फक्त बदलतात. ऊन वाढलं, ओल कमी झाली, दाब वाढला की त्यांचा विजेला होणारा विरोध, म्हणजे रेझिस्टन्स, बदलतो. हा बदल बाहेरून दिसत नाही. तो बघायला पेटीला आधी स्वतःहून थोडी, पण अगदी मोजून वीज सेन्सरमध्ये पाठवावी लागते. त्या विजेचं सेन्सरमध्ये काय झालं हे मोजून पेटी आकडा काढते. या पाठवलेल्या विजेला तंत्रज्ञ एक्सायटेशन म्हणतात. आपण साधं म्हणू, पेटी हाक मारते आणि सेन्सर ओ देतो. ओ कशी आली यावरून पेटी अंदाज बांधते.

तापमानाचं उदाहरण घ्या. हवामान केंद्रात आणि कारखान्यात पीटी-१०० नावाचा सेन्सर सर्रास वापरतात. आत प्लॅटिनमची बारीक तार किंवा पातळ थर असतो. शून्य अंश सेल्सिअसला त्याचा रेझिस्टन्स १०० ओहम असतो, म्हणून नाव पीटी-१००. एक अंश वाढला की साधारण ०.३८५ ओहम वाढतो. ३० अंशाला तो १११.७ ओहमच्या आसपास येतो. आता पेटीने त्यातून १ मिलिअँपिअर करंट सोडला तर दोन टोकांत १११.७ मिलिव्होल्ट मिळतात. एका अंशाचा फरक म्हणजे फक्त ०.३८५ मिलिव्होल्ट. टॉर्चमधल्या एका सेलच्या दीड व्होल्टशी तुलना करा, हा त्याचा जवळपास चार हजारावा भाग आहे. इतक्या बारीक फरकावर आज ऊन ४१ की ४२ हे ठरतं.

त्यामुळे हाक जराशी चुकली तरी आकडा चुकतो.

हाक कुठं कुठं चुकते

पहिली चूक वायरची. सेन्सर मळ्यात आणि पेटी शेडमध्ये असली की मधली वायरही रेझिस्टन्स धरते. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर १५ मीटर ओढली तर जाऊन-येऊन ३० मीटर होते. तिचा रेझिस्टन्स साधारण १ ओहम भरतो. पेटीला वाटतं हा १ ओहमही सेन्सरचाच. झालं, तापमान अडीच अंशापेक्षा जास्तच वाढून दिसतं. जोडाला गंज चढला तर आणखी. यावर उपाय म्हणजे चार वायरींची जोडणी. दोन वायरींतून करंट जातो-येतो आणि वेगळ्या दोन वायरींतून फक्त व्होल्टेज मोजलं जातं. मोजणाऱ्या वायरींतून करंट जवळपास वाहतच नाही, त्यामुळे त्यांची लांबी आकड्यात येत नाही. चांगल्या यंत्राला चार वायरी का असतात, हे मला तेव्हा समजलं. आधी वाटायचं, उगाच बिल वाढवायला दिल्या असतील.

दुसरी चूक जास्त जोरात हाक मारण्याची. करंट वाढवला की व्होल्टेज मोठं मिळतं आणि मोजायला सोपं जातं. पण करंटने सेन्सर स्वतः तापतो. १ ऐवजी ५ मिलिअँपिअर सोडला तर आतली उष्णता पाचपट होत नाही, पंचवीसपट होते. मग सेन्सर हवेच्या तापमानात स्वतःचा तापही मिसळून सांगतो. म्हणून करंट कमी ठेवतात, आणि कायम न ठेवता मोजण्यापुरता क्षणभर देतात. बॅटरीही वाचते.

तिसरी चूक आपल्या शेतातली आहे. बाजारात काट्यासारखे दोन पाय असलेले स्वस्त ओलावा सेन्सर मिळतात. त्यांना बऱ्याच पेट्या कायम एकाच दिशेचा, म्हणजे डीसी करंट देतात. ओल्या मातीत क्षार असतात. एका दिशेचा करंट चालू राहिला की एका पायाचा धातू झिजत जातो, हिरवट-काळा थर चढतो आणि आकडा दिवसेंदिवस सरकत जातो. मातीत काही बदललेलं नसतं, सेन्सरच खाल्ला गेलेला असतो. म्हणून ओलाव्याच्या अशा सेन्सरला एसी, म्हणजे उलटसुलट दिशा बदलणारा करंट द्यायचा असतो, आणि तोही मोजण्यापुरताच.

चौथी चूक बॅटरी उतरण्याची. वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण घ्या. अनेक यंत्रांत त्याच्या बुडाशी रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा भाग असतो. त्याला ५ व्होल्ट दिले आणि बाण १८० अंशावर, म्हणजे दक्षिणेकडे असला, तर मधून अडीच व्होल्ट मिळतात. आता ढगाळ दिवसात सोलर चार्ज झालं नाही आणि ५ चे साडेचार व्होल्ट झाले. बाण तिथंच आहे, पण मिळतात सव्वादोन व्होल्ट. पेटी अजून ५ धरूनच हिशोब करते आणि १६२ अंश लिहिते. वारा हललेला नाही, बॅटरी हलली. शहाणी पेटी अशा वेळी दिलेलं व्होल्टेजही मोजते आणि दोन्हींचं गुणोत्तर काढते. साडेचाराचे सव्वादोन म्हणजे निम्मेच. दिशा बरोबर येते.

नागपूरचे ५६ आणि दिल्लीचे ५२.९

हे फक्त आपल्या बागेपुरतं नाही. मे २०२४ मध्ये देशभर उष्णतेची लाट होती. २९ मे रोजी दिल्लीच्या मुंगेशपूर इथल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस दाखवलं. देशाचा तोवरचा उच्चांक राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६ चा ५१ अंशांचा. म्हणजे नवा विक्रम झाला म्हणून टीव्हीवर बातम्या सुरू झाल्या. त्याच दिवशी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंश नोंदले गेले होते. हवामान विभागाने तपासणी केली तेव्हा मुंगेशपूरचा सेन्सर प्रमाणित यंत्रापेक्षा जवळपास ३ अंश जास्त दाखवत असल्याचं पुढं आलं.

दुसऱ्याच दिवशी, ३० मे रोजी, आपल्या नागपुरात रामदासपेठ भागातल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. शहराजवळच्या दुसऱ्या केंद्रावर आकडा ४४ च्या आसपास होता. जगाचा उच्चांक अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, १० जुलै १९१३ चा ५६.७ अंश मानला जातो. नागपूर त्याच्या उंबरठ्यावर पोचलं म्हणून लोकांनी मोबाइलवर आकडे फिरवले. हवामान विभागाने नंतर खुलासा केला की सेन्सरमध्ये बिघाड होता, आकडा धरू नये.

या दोन गोष्टींत एक फरक आहे, तो लक्षात घेण्यासारखा. ५६ चा आकडा इतका अचाट की कोणालाही शंका यावी. पण ३ अंशांची चूक मे महिन्यात ५२.९ झाली म्हणून सापडली. तीच चूक जानेवारीत २७ ची ३० झाली असती तर कोणाच्या लक्षात आली असती? मोठा बिघाड लवकर पकडला जातो. बारीक बिघाड वर्षभर बिनबोभाट राहू शकतो.

पुण्याचा या विषयाशी जुना संबंध आहे. शिवाजीनगरच्या हवामान खात्याच्या इमारतीला जुने पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात, कारण १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय शिमल्याहून इथं आलं. मुख्यालय पुढं दिल्लीला गेलं, पण यंत्रांची तपासणी, दुरुस्ती, जुळणी यांचं काम पुण्यात राहिलं. शेतीसाठीचा कृषी हवामान विभागही १९३२ पासून पुण्यातच आहे. जुन्या पद्धतीत पांढऱ्या लाकडी पेटीत पाऱ्याची तापमापी असायची आणि माणूस सकाळी साडेआठला, संध्याकाळी साडेपाचला जाऊन वाचायचा. पाऱ्याला हाक मारावी लागत नाही. काच फुटली तर वाचणाऱ्याला दिसते. स्वयंचलित केंद्रात माणूस नाही, म्हणून ते बघण्याचं काम पेटीनेच करायला हवं.

बिघाड ओळखायची सोय पेटीत कशी असते

आता मूळ मुद्दा. वायर तुटली हे पेटीला कळावं कसं?

सगळ्यात जुनी आणि सोपी युक्ती कारखान्यांत वापरतात. तिला चार ते वीस मिलिअँपिअर म्हणतात. समजा टाकीची पातळी मोजायची आहे, शून्य ते दहा मीटर. टाकी रिकामी असेल तर सेन्सर शून्य करंट न देता ४ मिलिअँपिअर देतो. टाकी भरली की २०. निम्मी असली की १२. वायर तुटली तर करंट होतो शून्य. म्हणजे रिकामी टाकी आणि तुटलेली वायर यांत गल्लतच होत नाही. ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर करंट गेला की बिघाड समजायचा, असा संकेत उद्योगात रूढ आहे. याउलट शून्य ते पाच व्होल्टवाला सेन्सर असेल तर रिकामी टाकीही शून्य आणि तुटलेली वायरही शून्य. माझ्या पेटीचं दुखणं याच जातीचं, फक्त उलट्या टोकाचं होतं. वायर तुटली की रेझिस्टन्स अमर्याद होतो आणि पेटीने तो "फार कोरडं" या खात्यात टाकला. जोडात पाणी शिरलं असतं तर उलटं झालं असतं. पाण्यातूनच करंट गेला असता, पेटीने "ओलं आहे" म्हटलं असतं आणि बाग वाळली असती.

दुसरी युक्ती म्हणजे पेटीने सेन्सरच्या वायरीत अगदी किंचित, मायक्रोअँपिअरमधला करंट सोडून बघणं. वायर सलग असेल तर तो निमूट वाहून जातो. तुटली असेल तर त्याला वाट नसते आणि व्होल्टेज एकदम वरच्या टोकाला चढतं. पेटी समजते की समोर कोणी नाही. शीतगृहात आणि भट्ट्यांवर ही सोय असते. हा चाचणीचा करंट कायम ठेवला तर मोजणीत थोडी चूक येऊ शकते, म्हणून चांगल्या यंत्रात तो चाचणीपुरताच चालू होतो.

तिसरी गोष्ट पावसाची, आणि मला सगळ्यात जास्त भीती हिचीच वाटते. स्वयंचलित पर्जन्यमापकात दोन खणांची छोटी झुलती वाटी असते. एक खण ठराविक पावसाने, समजा अर्ध्या मिलिमीटरने, भरला की वाटी कलते, पाणी सांडतं आणि चुंबकाने एक स्विच क्षणभर जुळतो. पेटी तेवढं एक मोजते. पाऊस नसेल तर स्विच जुळत नाही. वायर तुटली असेल तरीही स्विच जुळत नाही. बाहेर धो धो पाऊस पडतोय आणि नोंद होते ०.० मिलिमीटर. हा आकडा अचाट वाटत नाही. शून्य पाऊस हा तर आपल्याकडे वर्षातले बरेच महिने खरा असतो.

यावर उपाय काही रुपयांचा आहे. स्विचच्या दोन टोकांवर, पर्जन्यमापकाच्या बाजूला, एक रेझिस्टर जोडायचा, समजा १० हजार ओहमचा. आता पेटीला तीन वेगळे जबाब मिळतात. १० हजार ओहम म्हणजे वायर ठीक, पाऊस नाही. क्षणभर शून्य ओहम म्हणजे वाटी कलली. आणि अमर्याद ओहम म्हणजे वायर तुटली. शून्य ओहमच बराच वेळ टिकलं तर वायरी एकमेकींना चिकटल्या. आगीच्या अलार्मच्या वायरिंगमध्ये ही पद्धत जुनी आहे. आपल्याकडच्या पेट्यांत ती असतेच असं धरून चालू नका, विचारा.

पण सगळं काही वायरीत सापडत नाही हेही सांगितलं पाहिजे. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पालापाचोळा अडकला, पक्ष्यांनी घाण केली, गांधीलमाशीने घर केलं तर वायर ठणठणीत आणि पाऊस तरीही शून्य. तिथं आकड्यांचीच झडती घ्यावी लागते. त्याचे चार प्रश्न आहेत. आकडा शक्य आहे का? दहा मिनिटांत एवढी उडी मारेल का? तासन् तास एकाच जागी गोठलाय का? आणि शेजारच्या केंद्राशी जुळतोय का? नागपूरचे ५६ पहिल्याच प्रश्नाला अडकले असते. मुंगेशपूरचे ३ अंश चौथ्या प्रश्नाला.

खडकवासल्याची तार

चांगली पद्धत कशी असते, याचा एक नमुना पुण्याच्या उशाशीच आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि पुणे बुडालं, हे घराघरात सांगितलं जातं. धरणाच्या भिंतीत आणि पायात पाण्याचा दाब किती आहे हे सतत कळत राहणं किती गरजेचं, ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको. खडकवासल्याला १९१६ पासूनची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे, तिथं धरणांच्या मोजमाप यंत्रांवरही काम चालतं.

धरणात पुरायच्या सेन्सरचा एक प्रकार कंपन पावणाऱ्या तारेचा असतो. आत पोलादाची ताणलेली तार. पेटी एका कॉइलमधून विजेचा झटका देते, तार एकतारीसारखी छेडली जाते आणि झणझणते. तीच कॉइल मग तिचा सूर ऐकते. पाण्याचा दाब बदलला की तारेचा ताण बदलतो, ताण बदलला की सूर बदलतो. सेकंदाला किती कंपनं झाली एवढंच मोजायचं. वायर लांब असली म्हणून कंपनांची संख्या बदलत नाही, त्यामुळे शेकडो मीटर केबलनेही आकडा बिघडत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे तार तुटली किंवा केबल कापली गेली तर सूरच येत नाही. हाकेला ओ नाही. तिथं १९९ असा आकडा तयार होण्याचा प्रश्नच येत नाही, सेन्सर गेला हे सरळ कळतं.

आकड्यावर पैसे ठरतात तेव्हा

आता हे सगळं आपल्या सातबाऱ्यापर्यंत येतं ते असं. महावेध प्रकल्पात राज्यातल्या महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली आहेत. दोन हजारांवर आहेत. तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस तिथं दर दहा मिनिटांना नोंदला जातो. हवामान आधारित फळपीक विम्यात भरपाई मंडळातल्या केंद्राच्या आकड्यांवर ठरते. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात, आणि पंचनाम्यांची चक्रं तिथून फिरू लागतात. म्हणजे ६४ आणि ६६ मधल्या दोन मिलिमीटरला, वाटीच्या चार हेलकाव्यांना, एवढी किंमत आहे.

अमुक मंडळाचं केंद्र बिघडलंय असं मी म्हणत नाही. माझ्याकडे तसा पुरावा नाही. एवढंच म्हणणं आहे की शून्याची नोंद दिसली तर ती "पाऊस नाही"ची आहे की "माहिती नाही"ची आहे, हे वेगळं लिहिलेलं असलं पाहिजे. बिघडलेल्या दिवसाची जागा कोरी असावी, तिथं शून्य नसावा. कोरी जागा बघून माणूस चौकशी करतो. शून्य बघून पुढं जातो.

शेतकऱ्याने काय करावं

यंत्र घेताना दुकानदाराला एक चाचणी समोर करून दाखवायला सांगा. पेटी चालू असताना सेन्सरची वायर काढायची. पेटीने "बिघाड" असा इशारा दिला आणि मोटर बंद ठेवली तर ठीक. आकडाच दाखवत राहिली तर ती पेटी घेऊ नका. मग वायरीची दोन टोकं एकमेकांना चिकटवून तेच करा. दोन मिनिटांचं काम आहे. मी ते केलं असतं तर माझं शेततळं वाचलं असतं.

मोटर किती वेळ चालेल याची कमाल मर्यादा पेटीत घालून घ्या. सेन्सर काहीही म्हणो, ठरलेल्या तासांनंतर मोटर बंद झालीच पाहिजे.

एका बागेत एकाच सेन्सरवर विसंबू नका. दोन ठिकाणी पुरा. दोघांचे आकडे फार लांब गेले तर जाऊन हाताने माती बघा. मुठीत दाबून गोळा होतो का, हे अजूनही खरं मोजमाप आहे. वायर उघडी पुरू नका, पाइपातून न्या. जोड जमिनीच्या वर, पाणी न शिरणाऱ्या डबीत घ्या.

तापमानाचा सेन्सर वर्षातून एकदा बर्फात तपासा. बर्फाचा चुरा, थोडं पाणी, चांगलं ढवळायचं आणि सेन्सर बुडवून पाच मिनिटं थांबायचं. पाण्यात बुडवायला चालतो ना, एवढं आधी विचारून घ्या. आकडा शून्याच्या जवळ आला पाहिजे. दोन-तीन दाखवत असेल तर वायर किंवा जोड बघा.

पर्जन्यमापक तपासायचा असेल तर मोजून पाणी ओता. तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असेल तर २०० मिलिलीटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. थेंब थेंब, सावकाश ओतायचं. मृग लागायच्या आधी नरसाळं साफ करायचं.

आणि शेवटचं, घराजवळ मोकळ्या जागेत एक साधा, हाताने मोजायचा पर्जन्यमापक ठेवा. रोज सकाळी साडेआठला वहीत आकडा लिहा, मोठा पाऊस झाला त्या दिवशी फोटो काढा. मंडळाची नोंद आणि तुमची वही यांत फार फरक पडला तर तारखांसह लेखी अर्ज तालुका कृषी कार्यालयात द्या आणि पोच घ्या. तुमची वही विम्याला चालेलच असं नाही, पण चौकशी मागायला हातात काहीतरी लागतं.

तपकीर गल्लीतल्या काकांनी माझ्या पेटीत थोडा बदल करून दिला. आता वायर तुटली तर लाल दिवा लागतो आणि मोटर चालू होत नाही. गेल्या महिन्यात तो एकदा लागला. जाऊन बघितलं, पुन्हा घूसच होती. या वेळी पाणी मात्र तळ्यात होतं.